नळीवरच्या खुणा : प्रस्तावना

युरोपातल्या जुन्या बंदुका-तोफांवरच्या शिक्क्यांविषयीचे पुस्तक भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत बसून लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. लंडन, बर्मिंगहॅम, लिएज ही शहरे कुठे आणि आमचा तालुका कुठे! पण याच तालुक्यात दुगाड आहे. १७८० च्या डिसेंबरात जनरल गोडार्डने वसईला वेढा घातला होता. किल्ल्याच्या मदतीला निघालेल्या रामचंद्र गणेश यांच्या फौजेची गाठ दुगाडजवळ कर्नल हार्टलीच्या तुकडीशी पडली. लढाई तीन दिवस चालली. १२ तारखेला दाट धुक्याचा फायदा घेऊन मराठ्यांनी इंग्रजांच्या मोर्च्यावर चाल केली, आणि धुके एकाएकी निवळले. फौज तोफांच्या माऱ्यात उघडी पडली. रामचंद्र गणेश ठार झाले. त्यांच्या पायदळाबरोबर असलेला नोरोन्हा हा पोर्तुगीज सरदार जखमी झाला. वसईही त्याच दिवसांत पडली.

या लढाईची हकिगत इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. हत्यारांची हकिगत मात्र सहसा कोणी विचारत नाही. हार्टलीच्या शिपायांच्या हातातली बंदूक कोणी घडवली, तिची नळी कोणी तपासली, ती कोणत्या वर्षी गलबतावर चढली? नोरोन्हासारख्या माणसाबरोबर मराठ्यांकडे आलेल्या हत्यारांचे माहेर कोणते? अशा प्रश्नांची उत्तरे कागदावर क्वचित मिळतात. लोखंडावर मात्र ती पुष्कळदा मिळतात, कारण युरोपात बंदूक हा सहसा शिक्क्यांशिवाय बाजारात न येणारा माल होता. हे शिक्के वाचायला शिकणे हा या पुस्तकाचा विषय आहे. आमच्या भागाला तो परका नाही एवढे वाचकांच्या मनात उतरले, तरी पुढची वाट सोपी होईल.

चाचणीच्या शिक्क्यामागचे कारण साधे आहे. नळी कच्ची असेल तर ती फुटते, आणि फुटली की पहिला घात बंदूक धरणाऱ्याचाच होतो. गिऱ्हाइकाला नळीच्या पोटातला दोष दिसत नाही. म्हणून विक्रीआधी त्रयस्थाने तिची परीक्षा घ्यायची पद्धत पडली. नळीत नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू आणि गोळी ठासायची, नळ्या ओळीने एका भक्कम खोलीत मांडायच्या, मागून दारूची रेघ ओढून तिला बत्ती द्यायची आणि दार लावून घ्यायचे. जी नळी टिकेल तिच्यावर एक शिक्का. मग ती स्वच्छ करून, आतबाहेर न्याहाळून, चीर किंवा फुगवटा नाही याची खात्री झाली की दुसरा. जुन्या युरोपी नळीवर अनेकदा दोन ठसे शेजारी-शेजारी दिसतात ते यामुळे: एक बाराचा, दुसरा नजरेचा.

लंडनच्या बंदूक कारागिरांच्या कंपनीला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली. तिचे दोन ठसे नवशिक्याने सर्वांत आधी ओळखायला शिकावेत. मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी ही अक्षरे म्हणजे चाचणी झाली. मुकुटाखाली व्ही म्हणजे तपासणी झाली. बर्मिंगहॅमच्या कारागिरांना स्वतःचे चाचणीघर कायद्याने मिळाले ते १८१३ मध्ये. त्यांची खूण म्हणजे एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड आणि वर मुकुट. एका ठशात राजदंडांच्या मधल्या जागांत बी, पी, सी ही अक्षरे, दुसऱ्यात व्ही. एवढी ओळख झाली की दोन शहरांतला भेद हाताशी येतो. आपल्याकडे शिकारी घराण्यांत उरलेल्या कितीतरी दुनळ्या बर्मिंगहॅमच्या असतात, त्यामुळे हा भेद कोरडा राहत नाही.

दुनळीचाच विषय निघाला आहे तर थोडे थांबू. बारा बोअर हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरला जातो. एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. म्हणूनच आकडा वाढतो तसे तोंड लहान होते. इंग्लंडात १८५५ च्या कायद्यानंतर हा आकडा नळीवर उमटू लागला. १८७५ ते १८८७ या काळात, तोंडाशी किंचित आवळलेल्या नळ्यांवर ‘नॉट फॉर बॉल’ असा इशारा ठोकत. १८८७ च्या नियमांनंतर हिऱ्याच्या चौकटीत १२ आणि खाली सी, असा काडतुसाच्या घराचा ठसा आला. १९०४ नंतर बिनधुराच्या दारूसाठी एन आणि पी ही अक्षरे आली, आणि लंडनच्या ठशात त्यांच्यावर वाकडी तलवार धरलेला हात. घरातली आजोबांची बंदूक ‘पेशव्यांच्या वेळची’ आहे असे कोणी सांगितले, तर नळी उलटी करून हिऱ्याची चौकट शोधा. ती सापडली तर कथेतून जवळजवळ सत्तर वर्षे वजा करावी लागतात. घरच्यांचा विरस होतो, पण बंदुकीचा खरा इतिहास त्यानंतरच सुरू होतो.

व्यापारी चाचणी आणि सरकारी तपासणी या दोन वेगळ्या वाटा आहेत. नवा वाचक इथेच अडखळतो. इंग्लंडच्या फौजेसाठी घेतलेल्या हत्यारांवर राजाचे मुकुटांकित आद्याक्षर असते आणि तीन फाट्यांचा रुंद बाण असतो. हा बाण सरकारी मालकीचा. लॉकच्या, म्हणजे बार उडवणाऱ्या चापाच्या यंत्रणेच्या, पट्टीवर ‘टॉवर’ हा शब्द दिसला की लोक हरखून जातात. पण तो शब्द फक्त लंडनच्या किल्ल्यातल्या शस्त्रागाराचे नाव सांगतो, आणि १७६४ नंतर फौजी लॉकवर सालही घालत नसत. साल कळण्यासाठी इतर खुणांकडे वळावे लागते. तपासनिसांचे बारीक ठसेही याच फौजी बंदुकांवर असतात: लहानसा मुकुट, त्याखाली आकडा, आणि एन्फील्डच्या कारखान्यासाठी ई. आकडा तपासनिसाचा. एकाच बंदुकीच्या नळीवर, लॉकवर, दस्त्याच्या लाकडावर असे वेगवेगळ्या माणसांचे आकडे असतात. ज्यांचे नाव कुठेही उरले नाही अशा कामगारांची ही सही आहे, आणि मला स्वतःला राजाच्या मुकुटापेक्षा तिचे अप्रूप जास्त वाटते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची खूण मात्र ईस्ट इंडिया कंपनीची. हृदयाच्या आकाराची चौकट, तिचे चार भाग, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरे आणि माथ्यावर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी रेघ. पहिला व्ही लॅटिन वळणाचा यू आहे. १७०९ मध्ये दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एक होऊन जी संयुक्त कंपनी झाली तिचे ते आद्याक्षर. हाच ठसा कापडाच्या गाठींवर मारला जाई आणि मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशांवरही तो आहे. ज्यांच्याकडे तराजूछाप जुना पैसा असेल त्यांनी तो उलटून पाहावा. बंदुकीच्या लॉकवरची खूण आणि ती खूण एकच. १८०८ च्या सुमाराला कंपनीने ही खूण बंदुकांवरून काढली आणि मागच्या पायांवर उभा राहून पंजांत मुकुट धरणारा सिंह आणला. हृदय की सिंह, एवढे पाहिले तरी बंदूक दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत कुठे बसवायची याचा पहिला अंदाज येतो. कंपनीच्या लॉकवर सरकारी शिरस्ता चालत नव्हता. १७६४ नंतरही तिथे कंत्राटदाराचे नाव आणि साल कोरलेले आढळते, त्यामुळे अभ्यासकाला कंपनीच्या बंदुका राजाच्या बंदुकांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले तेव्हा इंग्लंडच्या सरकारकडे पुरेशा बंदुका नव्हत्या. हिंदुस्थानात पाठवण्यासाठी कंपनीने तयार ठेवलेला साठा सरकारने उचलला, आणि पुढे १७९७ मध्ये ३९ इंची नळीचा तोच नमुना आपल्या फौजेसाठी मंजूर केला. त्याचे नाव इंडिया पॅटर्न. वॉटर्लूच्या मैदानावर इंग्रज पायदळाच्या हातात प्रामुख्याने हीच बंदूक होती. आपल्याकडच्या पलटणींच्या हिशेबाने, आणि मुख्यतः स्वस्तात तयार केलेला नमुना युरोपच्या सर्वांत गाजलेल्या लढाईत उतरला. कंपनीच्या बंदुकांवर डेव्हिड हार्डिंग यांनी चार खंडांचा ग्रंथ लिहिला आहे. ज्यांना या एका शाखेत खोल जायचे असेल त्यांनी पुढे त्याच्याकडे वळावे.

बेल्जियममधल्या लिएजची ओळख थोडक्यात. तिथे चाचणीची सक्ती १६७२ च्या फर्मानापासून, आणि शहराच्या चौकातला दगडी स्तंभ हा तिथल्या शिक्क्याचा जुना आकार. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरे असलेला ठसा १८१० नंतरचा. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर बंदूक १८९३ नंतर तपासलेली. एकोणिसाव्या शतकात लिएजने जगभर स्वस्त बंदुका पुरवल्या, आणि त्यांतल्या काहींना इंग्रजी थाटाची नावेही दिली. म्हणून पट्टीवरच्या नावावर विसंबू नये, नळीखालचा ठसा पाहावा. जर्मनीचा एकत्रित कायदा १८९१ चा. तिथल्या मुकुटाखालच्या अक्षरांचा तक्ता पुस्तकात दिला आहे. त्याविषयी प्रस्तावनेत जास्त बोलण्यासारखे नाही.

आता तोफा. माझ्या मते मराठी वाचकाने सुरुवात त्यांच्यापासूनच करावी. बंदूक कपाटात किंवा संग्रहालयाच्या काचेआड असते. तोफ किल्ल्यावर उघडी पडलेली असते. वसई, कोर्लई, जंजिरा, विजयदुर्ग इथे जाऊन तुम्ही ती तासभर निवांत पाहू शकता. आपण बहुधा तिच्या मोहरीत डोकावतो, फोटो काढतो आणि पुढे जातो. बोलणाऱ्या जागा वेगळ्या असतात: तोफेच्या कुशीतून दोन्हीकडे निघालेले आखूड दांडे, म्हणजे ट्रनिअन, पाठीवरचा उंचवटा, आणि बत्ती देण्याच्या छिद्राच्या आसपासचा भाग.

ट्रनिअनच्या सपाट टोकावर ओतकामाचा कारखाना आपली ओळख घालतो. स्कॉटलंडमधला कॅरनचा कारखाना १७५९ चा. त्याचे नाव, क्रमांक आणि साल तिथे पूर्ण अक्षरांत दिसते. स्वीडनमधल्या फिन्सपाँगच्या तोफांवर फक्त एफ. स्वीडनचे लोखंड उत्तम मानले जाई आणि तिथल्या तोफा कोणत्याही देशाचे व्यापारी विकत घेत, त्यामुळे एफ अक्षराची तोफ सापडली म्हणून स्वीडिश लोक तिथे आले होते असे म्हणता येत नाही. कारखाना आणि मालक या दोन वेगळ्या ओळी आहेत, त्या वेगळ्याच लिहाव्यात.

पाठीवर तीन आकडे आडवे कोरलेले दिसले, समजा १८-१-२२, तर लोक ते तारीख समजतात. ते वजन आहे. इंग्रजी पद्धतीत पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा त्याच्या चौथाईचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. हिशेब केला तर २०६६ पौंड, म्हणजे सुमारे ९३७ किलो. किल्ल्यावर बसून केलेल्या या गुणाकाराइतकी चांगली सुरुवात मला दुसरी माहीत नाही. शाळेतली मुलेसुद्धा ती करू शकतात, आणि उत्तर आले की ती तोफ तटावर चढवायला किती बैल आणि माणसे लागली असतील हा प्रश्न ती आपणहून विचारतात.

मालकाची खूण पाठीवर असते. इंग्रज राजाची अक्षरे आणि रुंद बाण, किंवा कंपनीचे हृदय. डच कंपनीचा जोडठसा: मोठ्या व्हीच्या दोन्ही पायांवर ओ आणि सी, आणि डोक्यावर ज्या शाखेने माल पाठवला तिचे अक्षर, जसे ॲमस्टरडॅमसाठी ए. वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, त्यामुळे कोकणात हा ठसा शोधणे वेडेपणाचे नाही. पोर्तुगीज पंचरसी तोफांवर राजचिन्हाची ढाल असते: मध्ये क्रुसासारख्या मांडलेल्या पाच छोट्या ढाली आणि कडेने किल्ले. गोव्यात पोर्तुगीजांचा तोफा ओतण्याचा कारखाना होता. बोकारो घराण्याने आधी गोव्यात आणि मग मकाऊत ओतलेल्या तोफा सबंध आशियात नावाजल्या गेल्या. पंचरसी तोफ दुर्मीळ झाली याचे कारण सरळ आहे. धातूला किंमत होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांचा वेढा आवळत गेला तेव्हा वसईच्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांकडून कर्ज काढले, आणि तारण म्हणून चर्चची चांदी आणि काही पितळी तोफा दिल्या. वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांना वाहिल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या आणि वाईजवळ मेणवलीच्या घंटेवरची परकी अक्षरे लोक आजही कौतुकाने दाखवतात. नवस फेडण्यासाठी बांधलेले आमच्या तालुक्यातले वज्रेश्वरीचे देऊळही याच विजयाचे. तोफांच्या वाट्याला मात्र घंटांइतके कौतुक आलेले नाही.

यापुढचा भाग युरोपी पुस्तकांत फारसा मिळत नाही, आणि मराठी अभ्यासकाला हक्काने काम करता येईल असे क्षेत्र हेच आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉयनने कवायती पलटणी उभ्या केल्या तेव्हा आग्र्यात सँगस्टर नावाच्या स्कॉट माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका बनत होत्या. नमुना युरोपी, हात इथले. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या हाती शिंद्यांच्या सुमारे शंभर तोफा लागल्या, आणि त्यांच्या बनावटीचे इंग्रजांनाही आश्चर्य वाटले. अशा कारखान्यांबरोबरच गावोगावचे लोहारही नकला करत. गिऱ्हाइकाला शिक्का हवा असे, म्हणून शिक्काही नकलला जाई. ‘टॉवर’ची अक्षरे गाळलेली किंवा उलटी, हृदयाच्या चौकटीत नुसत्या रेघा, मुकुटाचे कमळ झालेले. संग्राहक अशा बंदुकीला खोटी म्हणून बाजूला ठेवतात. मला हे पटत नाही. ज्या कारागिराला इंग्रजी वाचता येत नव्हते त्याने विलायती शिक्क्यात काय पाहिले, आणि तो शिक्का बाजारात किती वजन बाळगून होता, हे याहून स्पष्ट कोण सांगेल? मूळ विलायती बंदुकांवरही इथे आल्यावर भर पडली. संस्थानांच्या शिलेखान्यांत त्यांच्या दस्त्यांवर आणि पितळी पट्ट्यांवर देवनागरी आकडे आले. नळीवर बर्मिंगहॅम, लॉकवर कंपनी आणि दस्त्यावर ‘१४७’ असे काही दिसले, तर वाचकांनी तिन्ही नोंदवावे, आणि तिसरे आधी. पहिली दोन लंडनला बसूनही कोणाला तरी ओळखता येतील.

कामाला लागण्यापूर्वी काही सांगणे भाग आहे. ठासणीची जुनी बंदूक रिकामी आहे असे कधीही गृहीत धरू नका. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी भरलेला बार आत तसाच असू शकतो, आणि काळी दारू कोरडी राहिली तर तेवढ्या वर्षांनीही पेट घेते. गज नळीत सोडून तो किती आत जातो ते पाहा आणि बाहेरून कानाच्या, म्हणजे बत्तीच्या, छिद्रापर्यंतच्या लांबीशी ताडून घ्या. फरक पडला तर बंदूक खाली ठेवा आणि जाणकाराला बोलवा. नळीच्या तोंडासमोर तर कधीच उभे राहू नका.

कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या नमुन्याच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्याराला सवलत आहे, पण ते दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा स्थितीत असले तरच. चालू शकणारी बंदूक, मग ती कितीही जुनी असो, परवान्याच्या कक्षेत येते. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. शंका असेल तर पोलीस ठाण्यात आधी विचारावे. विचारणाऱ्याला त्रास होईल ही भीती बहुधा विनाकारण असते.

शिक्का दिसत नाही म्हणून घासू नका. पॉलिश पेपर, चिंच, पितांबरी यांनी जितके शिक्के गेले तितके गंजानेही गेले नसतील. ठशाची खोली केसाएवढी असते. अंधाऱ्या खोलीत विजेरी जवळजवळ आडवी धरून उजेड कडेने टाका. जे समोरून दिसत नव्हते ते सावलीत उठून येते. पातळ कागद ठेवून मऊ शिसपेन्सिलीने हलका घोटा घेतला तरी चालते. बंदुकीत नळीच्या मागच्या टोकाची डावी-वरची बाजू आधी, मग लॉक, मग दस्ता आणि पितळी भाग. दुनळी उघडून नळ्यांच्या बुडाचा सपाट भाग पाहावा. लाकडाखालच्या खुणांसाठी नळी दस्त्यातून काढण्याची घाई करू नये. जुना खिळा तुटला तर तो परत मिळत नाही. अनेक दुर्गप्रेमी मंडळांनी तोफांना लाकडी गाडे दिले, त्या मातीतून वर काढल्या. हे काम मोठे आहे. त्यांना एवढीच विनंती, की काळा रंग किंवा तेल चढवण्याआधी पाठ आणि ट्रनिअन यांचे कडेच्या उजेडातले फोटो काढून ठेवा. वसई आणि जंजिऱ्यासारख्या संरक्षित स्मारकांत तर खडूची रेघ ओढण्यापूर्वीही पुरातत्त्व खात्याची परवानगी हवी.

एका शिक्क्यावरून निकाल देऊ नये. नळी बदलली जाते, लॉक दुसऱ्या बंदुकीचे बसवले जाते, तोडकी नळी कापून पुन्हा चाचणीला पाठवली जाते. सगळ्या खुणा लिहून काढल्यावर त्यांची साले एकमेकांशी जुळतात का हे पाहावे. जुळत नसतील तर तीच हकिगत समजून पुढे चालावे.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. ज्यांच्यासमोर प्रत्यक्ष बंदूक आहे त्यांनी सरळ मागच्या तक्त्यांकडे जावे आणि ठशाचा आकार जुळवून मग त्या प्रकरणाकडे परतावे. ज्यांच्याकडे काहीच नाही, केवळ कुतूहल आहे, त्यांनी तोफांचे प्रकरण आधी वाचावे आणि पाऊस ओसरल्यावर एखाद्या सकाळी वसईच्या किल्ल्यात जावे. सोबत विजेरी, पातळ कागद आणि मोजपट्टी असू द्या. मोहरीचा व्यास, एकूण लांबी, ट्रनिअनवरची अक्षरे आणि पाठीवरचे आकडे, प्रत्येकाला वहीत स्वतंत्र ओळ. तोफेचे स्थानिक नाव असेल तर तेही विचारून लिहा.

दिघाशी, ता. भिवंडी